जावळाचे मामा

बनाबाईंना म्या तोंडावर सांगितलं व्हतं, तुमच्या गोड बोलण्यानं एक दिवस घोटाळा व्हणार. पण ऐकतंय कोण?

आमी दोघी भोरजवळच्या बालघरात आई म्हणून ऱ्हातो. ज्यांना कुणी न्हाई अशी आठ-दहा पोरं नि एक आई, असं एकेक घर. चूल वेगळी, भांडणं वेगळी. माजं घर त्यांच्या घराला लागून, म्हणून मला समदं ऐकू येतं.

बनाबाई वेल्ह्याकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ न्हाई. हितं आल्या आणि पोरांतच रमल्या. त्यांची एक रीत. निजवताना हरेक पोराच्या कानात सांगायचं, "तूच माजा लाडका, दुसऱ्यांना सांगू नगंस." पोरं सांगत न्हाईत. समदी आपली रुबाबात वाढत्यात. मी समद्यांना एकाच काठीनं हाकते, माजीबी वाढलीच की.

वैष्णवी त्यांच्या घरातली थोरली लेक. गुंजवण्याला दिली. नवरा भला, पण सासू बाळाबाई जिभेची लई तिखट. पोरगीला मुलगा झाला, जावळ काढायचं ठरलं. जावळ काढायचं म्हणजे बाळ मामाच्या मांडीवर पायजे. बाळाबाई चार बायांत म्हणली, "हिला मामा आणायचा कुठनं? शेजारच्या गेनूला बसवू." वैष्णवी फोनवर रडली. "आई, समदी म्हणत्यात हिला माहेरच न्हाई."

मला तर तवाच गुंजवणं गाठून त्या बाईला चार शब्द सुनवावंसं वाटलं. बनाबाई एवढंच म्हणल्या, "मामा येईल."

त्यांनी सोमनाथला सांगितलं. त्याच घरात वाढलेला, आता कापूरहोळला गॅरेजात काम करतो. हितवर समदं शहाणपणाचं. मग घरातला सार्थक रुसला, जेवेना. झालं, त्याच्या कानात, "तूच मामा, दुसऱ्यांना सांगू नगंस." मग कुंडलिक फुगला. मग बाकीचे.

त्या दिवशी टेम्पोत समदी पोरं तेल लावून, भांग पाडून बसलेली. म्या इचारलं, "बनाबाई, ह्यातला मामा कोण?" त्यांनी तोंडाला पदर लावला.

गुंजवण्यात पाट मांडला, न्हाव्यानं वस्तरा काढला. "मामा कोण?"

सोमनाथ मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी सार्थक बसला. मग कुंडलिक. बघता बघता ओळ लागली.

"मला आईनं सांगितलंय."

"मलाबी."

बाया फिदीफिदी हसाय लागल्या. वैष्णवीचा चेहरा पांढरा पडला. बनाबाई उभ्या राहिल्या, हात जोडून म्हणल्या, "चूक माजी. मला कुणालाच न्हाई म्हणता आलं न्हाई."

तेवढ्यात भावकीतली एक बाई बोलली, "अवं, पर ह्यातला खरा कंचा?"

म्या पदर खोचला. म्हणलं, आता बाळाबाईला आयतंच सापडलं. ती उठलीच. पर वळली त्या भावकीवालीकडं.

"खरा म्हंजी? तुज्या नातवाच्या जावळाला सख्खा मामा फिरकला न्हाई. हितं ओळ लागलीय, ती बघ की डोळं उघडून."

मग तिनं वैष्णवीच्या हातातनं बाळ घेतलं, सोमनाथच्या मांडीवर ठेवलं आणि न्हाव्याला म्हणली, "थोडं थोडं काढ रं. समद्यांच्या मांडीवर बसू दे त्याला." वर लेकाला हाक मारली, "मामांच्या मानाच्या टोप्या घेऊन ये बाजारातनं. म्या येकच आणलीय."

बाळ रडत, पोरं हसत, मांडीवरनं मांडीवर गेलं. शेवटच्या मांडीवर पार बोडकं झालं. तिखट जीभ अशीबी कामाला येती, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

बाया पंगतीला पत्रावळ्या मांडाय लागल्या तशी वैष्णवी उठली. लग्न झाल्यापासनं त्या घरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. भर मांडवात सासूला म्हणली, "आत्या, आधी माज्या माहेरची पंगत बसू द्या."