रिकामी गच्ची आणि दीडचा उपग्रह

परवा उत्तरायण झाली, म्हणजे आपली संक्रांत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी एकच गच्ची रिकामी होती... आमची.

ही गेल्याला अजून वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे यंदा घरात सण नाही. तसंही पतंग उडवायची ती, मी मागे फिरकी धरून उभा. कोणाचा पतंग कापला की गल्ली दणाणून सोडणं हेही तिचंच खातं... मला ओरडता येत नाही. ती गेल्यावर गच्चीच्या दाराला कुलूप लावलं होतं, ते काढलंच नव्हतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी अनघाचा फोन आला. अनघा माझी भाची, निजामपुऱ्यात राहते, आणि हवेतलं प्रदूषण उपग्रहातून मोजण्यावर पीएचडी करते. "मामा, उद्या तुमची गच्ची रिकामीच असेल ना?" असं ती बोलून गेली आणि मग एकदम माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागली.

मीच म्हटलं, "रिकामी आहे. काय काम आहे ते सांग."

काम असं होतं. उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास बडोद्यावरून जातो आणि हवेत धूर, धूळ किती आहे ते वरून बघतो. तेव्हाच कोणीतरी खालून, हातातलं यंत्र सूर्याकडे धरून तेच मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तर वरच्यावर भरवसा ठेवायचा, नाहीतर नाही.

उत्तरायणला गोरव्यातले कारखाने बंद असतात. त्या दिवशी हवेत काय फरक पडतो, हे तिला हवं होतं. कॉलेजच्या गच्चीला सुट्टीचं टाळं, तिच्या इमारतीच्या गच्चीवर पतंगवाल्यांची गर्दी, दुसऱ्या दिवशी ढग येणार असा अंदाज... म्हणजे तो दिवस हुकला की थेट पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षापर्यंत तिचा गाइड थांबणार नव्हता.

उत्तरायणला दुपारी एकच्या सुमारास कुलूप काढलं. कोपऱ्यात मागच्या वर्षीची फिरकी तशीच होती, दोरा थोडा काळा पडलेला. अनघाने ती पाहिली आणि पिशवीतून यंत्र काढलं.

यंत्र अगदी लहान, हातात मावणारं. सूर्याचा ठिपका काचेवरच्या खुणेत बरोबर बसवायचा आणि बटण दाबायचं. पहिली दोन-तीन मापं छान आली. मग आकडे एकदम वर चढले.

अनघा इकडेतिकडे बघायला लागली. कारण समोरच होतं... शेजारच्या हसमुखभाईंच्या गच्चीवर विटा मांडून उंधियूचं, म्हणजे मिश्र भाजीचं, मडकं चढवलं होतं. वारा पडलेला, आणि त्या लाकडांचा धूर सरळ वर, नेमका आमच्या आणि सूर्याच्या मधून.

मी म्हटलं, एवढ्याशा धुराने काय होतंय? तो तर उपग्रहालाही दिसत असेल.

"नाही ना मामा. तो कितीतरी किलोमीटरचा तुकडा एका दमात बघतो, त्याला ही चूल कुठली दिसायला? आणि माझ्या यंत्राला आता तेवढीच दिसतेय."

दीड वाजत आले होते. खाली उतरून त्यांचा जिना चढेपर्यंत उपग्रह निघून गेला असता. मी कठड्याशी जाऊन हात हलवला. तिकडच्या सगळ्यांनी खूश होऊन मला हात हलवून दाखवला... कित्येक महिन्यांत आमच्याकडून कोणी हात केला नव्हता.

स्पीकर जोरात चालू होता. अनघाने एकदा हाक मारून पाहिली, ऐकू गेली नाही. ती घड्याळ बघत होती.

मग मी ओरडलो. "हसमुखभाऽऽई! चूल बंद करा, दहा मिनिटं!" आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. आधी ही जिथे उभी राहायची त्याच जागी मी उभा होतो, एवढं नंतर लक्षात आलं.

हसमुखभाई बघतच राहिले. "शुं थयुं, काका?" मी वर बोट दाखवून म्हटलं, "सेटेलाइट!" यापेक्षा जास्त समजावायला वेळ नव्हता.

त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. लाकडं ओढून वाळूच्या घमेल्यात दाबली, मडकं तसंच सोडलं. स्पीकरही बंद केला... गाण्याने काहीच बिघडत नव्हतं, पण मी ते सांगितलं नाही. दोन्ही गच्च्यांवरची माणसं माना वर करून उभी. धूर विरला, अनघाने यंत्र धरलं आणि एकामागून एक मापं घेतली.

"गयो?" हसमुखभाईंनी हळूच विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर तो दचकेल.

"गेला," अनघा म्हणाली. तिकडे टाळ्या पडल्या. हसमुखभाई हसून म्हणाले, "काका, तमारो अवाज तो आजे पहेली वार सांभळ्यो." खरं होतं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझा चढा आवाज कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी कोकिलाबेन, म्हणजे त्यांची बायको, आमचा जिना चढून डबा द्यायला आल्या. मी म्हटलं, यंदा आमच्याकडे सण नाही. "तमारे नथी, अमारे तो छे ने," असं म्हणून डबा हातात ठेवून गेल्या.

आज अनघाने कळवलं, आकडे जुळले. तिनेच हे फेसबुकचं खातं मला उघडून दिलं आहे, म्हणून इथे लिहितो आहे.

हसमुखभाई, कोकिलाबेन, मध्येच चूल विझवायला लावल्यामुळे उंधियूतलं रताळं कच्चं राहिलं होतं. अनघाने आणि मी डबा पुसून संपवला... गच्चीतच बसून. कुलूप आता काढूनच ठेवलं आहे.