फक्त वीज घेणारा पोर्ट

नवा सर्किट बोर्ड हातात आला की आमचे इंजिनिअर आधी यूएसबी पोर्टच्या कडेने अंगठ्याचं नख फिरवत, मग भिंग लावत आणि समोरच्याला विचारत, "तू बघितलं का हे? न्हाई ना? मग बोलू नको."

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आमच्या लातूरच्या कारखान्यात ते कुणालाच आवडत नसत, मलाही नाही. आम्ही सोयाबीनचा ओलावा मोजणारी यंत्रं बनवतो. वर्तमानपत्र सोडून मी तिथे माहितीपुस्तिका लिहायला लागलो. माझं पहिलंच पान त्यांनी सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. "पत्रकार, यातलं खरं किती अन् भरतीचं किती?" लोक हसले. ते हसले नाहीत.

त्यांचं काम एका फाइलचं. यंत्रातल्या लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, पोर्ट कसला आहे हे आपोआप कळत नाही. तो टाइप-सी आहे का, वीज घेतो की देतो, कुठल्या चिपला जोडला आहे, सगळं लिहून द्यावं लागतं. "आंधळ्याला रस्ता सांगायलोय मी," ते म्हणत. "खड्डा हाय तिथं खड्डाच म्हनाय पाहिजे."

आमच्या बोर्डावर वीज बाहेर देणारा भाग बसवलेलाच नव्हता. म्हणून त्यांनी लिहिलं होतं 'सिंक', म्हणजे फक्त घेणारा. मालकांनी मात्र जाहिरातीत छापलं, यंत्रावर मोबाइलही चार्ज होतो.

"एक शब्द तर बदलायचाय," मालक म्हणाले.

"भाग बसवा, बदलतो. तोवर न्हाई."

इंजिनिअर रजेवर देगलूरला बहिणीकडे गेले, त्या दिवशी मालकांनी तो शब्द माझ्याकडून बदलून घेतला. इंजिनिअरच्याच कॉम्प्युटरवरून, त्यांच्याच नावाने. 'सिंक' खोडून मी 'ड्युअल' लिहिलं, म्हणजे घेणारा आणि देणाराही. मला बरंही वाटलं.

ऐन हंगामात अहमदपूरच्या मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, यंत्रं परत आली. तिथले अडते ती पॉवर बँकेवर चार्ज करत. फाइलीवर विश्वास ठेवून यंत्र देणारं होई, पॉवर बँक घेणारी होई, आणि वीज कुणीच देत नसे. एका अडत्याने बंद पडलेलं यंत्र मालकांच्या टेबलावर आपटलं.

मालकांनी इंजिनिअरना सगळ्यांसमोर बोलावलं. "फाइलीवर नाव कुणाचं हाय?"

"त्या दिवशी मी देगलूरला होतो. रजेच्या अर्जावर तुमचीच सही हाय."

"नाव कुणाचं, तेवढं सांगा."

ते माझ्याकडे वळले. "पत्रकार, तुम्ही सांगा." मला ते पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले.

मी म्हणालो, "नोंदीत तुमचंच नाव दिसतंय."

वाक्य अचूक होतं.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले. इंजिनिअर आपल्या टेबलाशी गेले. पिशवी खांद्याला अडकवून, उभ्याउभ्याच त्यांनी तो शब्द पूर्ववत केला, फाइल परत आलेल्या यंत्रात घातली आणि पॉवर बँक जोडली. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. चार्जिंगचा दिवा लागला. तो टिकतो की नाही, हे पाहत ते थोडा वेळ थांबले. मग यंत्र अडत्याच्या हातात देऊन म्हणाले, "आता चालंल," आणि दाराबाहेर पडले.