सहदेवदादाचा एकच फौजदारी खटला

सहदेवदादाने अलिबागला जन्मभर जमिनीचे दावे चालवले. फौजदारी खटला एकदाच घेतला, पुन्हा कधी नाही. लोक म्हणतात त्याला ते जमलंच नसतं. लोकांना काय जातं बोलायला! खरं काय झालं ते सांगायचं तर माझ्या सख्ख्या बापाबद्दल बोलावं लागतं. बोलते.

दादा माझा चुलतभाऊ. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून दहिवलीला आमच्याच घरी वाढला. माझ्या बापाने, येसाजीने, त्याला आधी कर्जतच्या शाळेत घातलं, मग पुण्याला कॉलेजात, आणि पुढे तिथेच कायद्याची पदवी घ्यायला ठेवलं. भावकी हसली. लावणीला हात पुरत नाहीत आणि हा पोराला कलमं पाठ करायला धाडतो! बापाने कुणाचं ऐकलं नाही.

सुट्टीत दादा आला की आमच्या ओटीवर कोर्ट भरायचं. येसूबाईची कोंबडी शेजारणीच्या परड्यात शिरली, तिला कितवं कलम? दादा न हसता सांगायचा. फौजदारी कायदा म्हणजे त्याचा जीव की प्राण. दिवाणीत ज्याच्या हाती कागद तो जिंकतो, म्हणायचा, फौजदारीत गरीबही सुटू शकतो. साक्षीदार किती हवेत याला कायद्यात आकडा नाही. एक पुरतो, फक्त खरा हवा. हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा, की आम्हाला वाटे आता गावातला अन्याय संपलाच.

१९४६ साली तो सनद घेऊन आला आणि पहिलंच काम आलं ते गजाचं. गजा हा भिवाजी पाटलाचा गडी. पाटलाशी वाजलं म्हणून त्याने काम सोडलं, आणि थोड्याच दिवसांत पाटलाचा एक बैल भरदुपारी गोठ्यातून नाहीसा झाला. गजाने तो खालापूरच्या रस्त्याने हाकत नेला, असं सांगणारे दोघे पाटलाने उभे केले. पोलिसांनी गजाला धरला. पण त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गजा माझ्या बापाबरोबर कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या रानात होता, आमच्या घराच्या कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या आणायला. गजाची बायको सोनुबाई रडत आली, तेव्हा दादा म्हणाला, "रडू नको गं. काकांनी कोर्टात एवढं सांगितलं की गजा घरी येईल."

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना बापाने दादाला सगळं बिनचूक सांगितलं. कुठून चढलो, मोळ्या कुठे बांधल्या, वाटेत गजा कुठे घसरला. दादाने खुशीत आणखी भात घेतला. बाप त्याच्यासमोर बसून निवांत जेवत होता. आणि त्याच दुपारी पाटलाने गावच्या जाणत्यांना देवळात बसवून बेल-भंडारा उचलायला लावला होता, की कोर्टात पाटलाच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवीपुढे घेतलेली ती आण आमच्याकडे कुणी मरेपर्यंत मोडत नाही. माझ्या बापानेही ती घेतली होती. त्याबद्दल घरात अवाक्षर बोलला नाही.

कर्जतच्या कोर्टात मी सोनुबाईला सोबत म्हणून गेले होते. बापाने ईश्वराला स्मरून खरं सांगेन म्हटलं, आणि लगेच सांगितलं, "मी कोंडाण्याला एकलाच गेलो व्हतो. गजा माझ्यासंगती नव्हता."

दादा पांढराफटक पडला. आपलाच साक्षीदार फिरला तर कोर्टाची परवानगी घेऊन त्याला उलट विचारता येतं, हे त्याने आम्हा पोरांनासुद्धा शिकवलं होतं. एवढी कारवी एकट्याने कशी आणली, एवढंच विचारलं असतं तरी बाप गडबडला असता. त्याला खोटं रेटता येत नाही, मला ठाऊक आहे ना! मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, आणखी काही?" दादा बापाकडे बघत राहिला. ज्याने वाढवलं, शिकवलं, त्याला भर कोर्टात खोटं पाडायचं?

"काही नाही," म्हणाला आणि खाली बसला.

गजाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

बाहेर आल्यावर दादाने बापाची वाट अडवली. "काका, ईश्वराची शपथ घेऊन खोटं बोललात?"

"ती सरकारची शपथ रं सहदेवा. तिथं समदेच बोलतात. देवीफुडं उचललेला भंडारा मोडून मी कुठं जाऊ?"

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला उभाच केला नसतास. पाटलाला मी गजाचाच साक्षीदार म्हणून उभा रायलेला हवा व्हतो."

"मला फसवलंत तुम्ही," दादा म्हणाला. "घरात, माझ्यासमोर जेवायला बसून फसवलंत."

सोनुबाई तिथेच उभी होती. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती दादाला म्हणाली, "त्यांनी देवीची आण राखली. तुमी काकाची लाज राखली. मंग माझ्या धन्याचा वकील कोण व्हता?"