भावाची बोली

माझा मोठा भाऊ रिसोडच्या बाजारात एका आडत्यासाठी सोयाबीनच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, बोली पुकारायचा. ढिगावर उभा राहून भाव असा म्हणायचा की शेवटच्या व्यापाऱ्यालाही खणखणीत ऐकू जावं. मी वाशीमला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझं संशोधन तोंडातल्या जिवाणूंवर, ते आपल्या विकरांची जनुकं कशी चालू-बंद करतात यावर.

त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा शुगर आधीपासूनच होती. दातांच्या डॉक्टरांनी दोनदा हिरड्या खरवडून साफ केल्या. रक्त थांबायचं आणि परत यायचं. एका रविवारी मी त्याला प्रयोगशाळेत नेलं, दाताच्या मुळाशी साचलेला मळ जरासा काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

"हे तर जित्ते आहेत, बाई! काय करून राह्यले?"

मी सांगितलं, "हे थोडे असतात तेव्हा गप असतात. हिरडी सुटून खाच पडली की आत हवा पोचत नाही, वर रक्त झिरपतं, तेच यांचं खाणं. मग त्यांची गर्दी वाढते. एकमेकांना रसायनांनी खबर जाते, आणि मांस विरघळवणारी विकरं बनवायची जनुकं जागी होतात. हिरडी कुजली की आणखी रक्त, आणखी खाणं."

त्यानं परत काचेत डोकावलं. "मंग ते बंद कर ना."

"काचेच्या बशीत होतं बंद. तोंडात अजून कोणालाच जमलं नाही."

"एवढी शिकली तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, गोड सोडलं, सांगितलं तसं सगळं केलं. पण दाताखालचं हाडच झिजलं होतं. पुढचे दात हलले, मग पडले. कवळी केली, ती बसेना. ऐन हंगामात, भाव पुकारताना ती सुटून ढिगात पडली. लोक हसले. त्यानं वाकून ती दाण्यांतून उचलली, धोतराला पुसली आणि बोली पुरी केली, पण आकडा कोणाला नीट कळला नाही. पुढच्या हंगामाला आडत्यानं दुसरा माणूस ठेवला.

मी अजून शिकवते. फळ्यावर त्याच जनुकांची साखळी काढते. पोरं विचारतात, "मॅडम, याच्यावर औषध काय?" मी पुढचा मुद्दा घेते.

घरी फोन केला की वहिनीच उचलते. "हे इथंच बसून आहेत, पण काम सुटल्यापासून कोणाशीच बोलत नाहीत," ती म्हणते आणि फोन त्याच्या कानाला लावते. मी तरी "भाऊ" अशी हाक मारते. पलीकडे त्याचा श्वास तेवढा ऐकू येतो.