पुस्तकातला शेवट

फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या नवी पेठेत उशांचे अभ्रे बघत होतो. पुतणी रेखा म्हणाली, "काका, आई गेली... झोपेतच." मी "बरं" म्हणालो. दुकानदाराने निळे अभ्रे पुढे केले, ते घेतले आणि गावी, मंद्रूपला निघालो. महिना होऊन गेला, रडू काही आलेलं नाही.

सुभद्रावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा शेळ्या विकायला गावच्याच आठवडी बाजारात गेला आणि परत आलाच नाही. शेळ्या विकल्या गेल्या होत्या, एवढंच कळलं. पोलीस झाले, देवऋषी झाले, मी पार कर्नाटकात हिंडून आलो. रेखा तेव्हा पाळण्यात होती. वहिनींनी शेळ्या राखून तिला वाढवलं, पण बाजारात पाऊल टाकलं नाही. विकायची शेळी शेजाऱ्याबरोबर पाठवायच्या. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं, कुणी टाळायचं.

रेखाच्या लग्नानंतर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या सोलापूरला माझ्याकडे राहिल्या. बऱ्या झाल्यावर एका रविवारी दुपारी आमच्या फिल्म क्लबात नेलं. कादंबरीवरून काढलेला फ्रेंच रहस्यपट होता. कादंबरी मी वाचलेली होती. नवरा पाव आणायला बाहेर पडतो आणि नाहीसा होतो... मी शेजारी बसून कानात गोष्ट सांगत होतो. शेवटी बायको त्याला हुडकून काढते. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या संसारात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

रिक्षात त्यांनी विचारलं, "भावजी, ह्ये पुस्तकावरनं काढलंय म्हनला हुता की. पुस्तकात बी घावतो का त्यो?"

"नाही वहिनी. पुस्तकात तो सापडतच नाही. का गेला, तेही कळत नाही."

"मग ती बाई काय करती?"

"एक दिवस स्वतःच पाव आणायला जाते. तिथं पुस्तक संपतं."

घरापाशी उतरताना वहिनी म्हणाल्या, "पुस्तकच बरं हाय की."

गावी परतल्यावर पहिल्याच बाजाराला त्या बोकड घेऊन उभ्या राहिल्या. "भाव सोडला न्हाय तिनं," रेखाने मला फोनवर सांगितलं. पुढे बाजार कधी चुकला नाही. नवखं गिऱ्हाईक शेळीचे दात बघून वय सांगायला त्यांनाच बोलवायचं. आल्यागेल्याला दादाबद्दल विचारणं मात्र त्यांनी थांबवलं.

मी पोचलो तेव्हा घरात बायकांचा वाद चालला होता. एक म्हणत होती, सवाष्ण आहे, हिरवा चुडा भरा. दुसरी म्हणाली, "इतक्या वर्सांनी कसली सवाष्न? कुंकू पुसा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा असला तर कुठे असेल, हे मला तरी कुठे ठाऊक होतं... रेखा उठली आणि दांडीवरचं जांभळं लुगडं घेऊन आली. धुतलेलं होतं, तरी शेळ्यांचा वास येत होता.

"बाजाराला ह्येच नेसायची ती. ह्येच नेसवा," ती म्हणाली. "आन कुंकू ऱ्हाऊ द्या. रोज आपल्या हातानं लावायची."

बायकांनी तेच नेसवलं. मी मागे जाऊन शेळ्यांना पाला टाकला. त्या कधीच्या ओरडत होत्या.