कापलेलं कडवं

तेव्हा रत्नागिरीत कॅसेटी भरून देणारे आम्ही तीन-चार दुकानदार होतो, आणि त्यात सगळ्यात शहाणा मी, असं माझं ठाम मत होतं. दोन डेक, एक मिक्सर आणि कानाला हेडफोन, एवढ्यावर मान ताठ! मुंबईच्या एका कंपनीने आमच्या काकांच्या जाखडीची कॅसेट काढायचं ठरवलं आणि मास्टर टेप तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. भातशेती करायचे आणि गणपतीत मंडळ घेऊन गावोगाव जाखडी नाचवायचे, गाणं म्हणत गोल फेर धरून. गाणी स्वतः रचायचे. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. जाखडीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात शाहिराचं आणि त्याच्या गुरूचं नाव येतं. ज्याचं नाव त्याचं गाणं. दुसरा कागद नाही की सही नाही.

मे महिन्यात शाळेच्या रिकाम्या वर्गात आम्ही गाणी रेकॉर्ड केली आणि मी घड्याळ घेऊन बसलो. कंपनीचा हुकूम होता, एका बाजूला तीस मिनिटं. भरत होती चौतीस. एखादं गाणं वगळलं असतं तर काय बिघडत होतं? पण मला अक्कल सुचली! सिनेमाच्या गाण्यात शेवटी आवाज हळूहळू विरतो, तसं करायचं. शेवटचं कडवं सुरू झालं की मी बटण अलगद खाली आणायचो. काय झकास वाटत होतं म्हणून सांगू.

काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "माजा नाव कुठं गेला रं?"

"अहो काका, कव्हरवर छापणार ना, फोटोसकट!"

"ता वाचतो कोन? लोकं ऐकतात."

मी हसलो. नंतर मूळ टेप पुसून तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाची सनई भरून टाकली. कोरी टेप मिळायची मारामार होती.

कॅसेट गावोगाव वाजली. दोनेक वर्षांत कव्हरं हरवली, कॉप्यांच्या कॉप्या निघाल्या. मग गौरीच्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावचं मंडळ आमच्याच अंगणात नाचायला आलं. गाणं काकांचं, शेवटचं कडवं नवं आणि त्यात नाव त्यांच्या शाहिराचं. काका ताडकन उठले. "गाना माजा हाय!"

तो शाहीर शांतपणे म्हणाला, "गायलात तुम्ही, पण रचलं आम्ही. लावा कॅसेट. तुमचं नाव निघालं तर भर अंगणात पाया पडतो."

कॅसेट मीच लावली. सगळे कान देऊन ऐकत होते. शेवटचं कडवं आलं आणि आवाज खाली खाली जात बंद झाला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"सांग की रं," एवढंच म्हणाले.

"मी कापलं." दोनच शब्द बोलायचे होते. पण समोर माझी गिऱ्हाइकं बसली होती, मास्तर होते, पोस्टातले साहेब होते. मला माझ्या हुशारीची लाज झाकायची होती. मी कॅसेट बाहेर काढली आणि म्हणालो, "गाणं एवढंच होतं, काका."

काका खाली बसले. मंडळाने पुढचं गाणं धरलं. तेही काकांचंच होतं.