खारट दगड

अकोल्याच्या कॉलेजातून आमची भूगर्भशास्त्राची सहल राजस्थानच्या वाळवंटी डोंगरांत गेली होती. जन्मभर काळाच दगड पाहिलेली मी त्या पिवळ्या कड्यांपुढे पार आंधळी झाले. माझी जोडीदारीण शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. ती दगड उचलायची, सरळ जीभ लावायची आणि ओल्या दगडात काय दिसतंय ते सांगायची. सर रोज म्हणायचे, "हिची नजर बघा!" माझ्या पोटात दुखायचं.

शेवटच्या दिवशी एका घळीत आम्ही दोघीच होतो. तिने एक दगड चाटला. "खारट हाये. इथं पहिले समुद्र असन," ती म्हणाली. दगडात अख्खा शिंपला होता.

नमुन्यासोबत शोधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ठेवायची आमची पद्धत. पिशव्या मी बांधत होते. चिठ्ठीवर मी माझं नाव लिहिलं.

आज मी त्याच कॉलेजात शिकवते. यंदा ती मुलीच्या ॲडमिशनसाठी आली. कपाटात माझ्या नावाखाली ठेवलेला तो दगड तिने उचलला आणि माझ्यादेखत जीभ लावली.

"खारटच हाये अजून," ती म्हणाली. "नाव तेवढं बदललं."